केमिस्ट्रीला प्रवेश घेण्याआधी प्रयोगशाळा बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे आणि नीटचे निकाल लागले की मराठवाड्यात घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "नंबर नाही लागला, आता बीएस्सीला टाकू." विषय बहुतेक वेळा केमिस्ट्री. पुढे काय, हे ना मुलाला ठाऊक असतं ना पालकांना. वाटा भरपूर आहेत. पण त्यातली कोणती वाट मिळणार, हे पदवीच्या टक्क्यांपेक्षा तीन वर्षांत स्वतःच्या हाताने ब्युरेट (थेंब थेंब द्रावण सोडायची मापाची काचनळी) किती वेळा भरली यावर जास्त ठरतं. प्रवेशाच्या गर्दीत हे कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

बऱ्याच ठिकाणी प्रॅक्टिकलचं चित्र असं असतं. वीस मुलांची बॅच आणि धड चालणाऱ्या ब्युरेट चार-पाच. एक जण टायट्रेशन करतो, म्हणजे ब्युरेटमधून द्रावण सोडत दुसऱ्या द्रावणाची तीव्रता मोजतो, बाकीचे आकडे उतरवून घेतात. मागच्या वर्षीचं जर्नल हाताशी असतंच. उत्तर आधीच माहीत, तेव्हा उलटा हिशेब करून रीडिंग लिहिली जातात: १०.१, १०.१, १०.१. जर्नलवर सही होते, मार्क पडतात आणि सगळे मोकळे होतात.

याची किंमत मुलाखतीत कळते. "०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक ॲसिडचं २५० मिली द्रावण करून दाखवा," एवढा साधा प्रश्न घ्या. तुल्यभार ६३.०४, म्हणजे १.५७६ ग्रॅम लागणार. इथपर्यंत सगळे येतात. पुढे कागदावर वजन करून पावडर फ्लास्कमध्ये झटकली, की चार कण कागदालाच राहतात. वेइंग बॉटल भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा तोलून फरक घ्यायचा असतो. दोन दशांशांचा काटा वापरला आणि त्यात ०.०१ ग्रॅमची चूक झाली, तर ०.६ टक्के तिथेच गेले. बीकरमध्ये विरघळवून ओतल्यावर बीकर तीनदा धुऊन ते पाणीही फ्लास्कमध्ये घ्यावं लागतं. द्रावण गरम असताना खुणेपर्यंत भरलं, तर थंड झाल्यावर पातळी खाली उतरते. कॉस्टिक सोडा मात्र असा थेट तोलून चालत नाही. तो हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, म्हणून त्याची तीव्रता ऑक्झॅलिक ॲसिडशी ताडून ठरवायची. टायट्रेशनमधल्या पुढच्या चुकाही ठरलेल्या आहेत: ब्युरेटच्या तोटीखाली हवेचा बुडबुडा राहणं, वरची फनेल न काढणं, आणि कॉनिकल फ्लास्क पाण्याऐवजी त्यात घ्यायच्या द्रावणानेच विसळणं. शेवटच्या चुकीने रीडिंग दरवेळी जास्त येतं आणि मुलगा दोष इंडिकेटरला, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या रसायनाला, देतो.

दहा मिलीच्या रीडिंगमध्ये ०.१ मिली इकडेतिकडे झालं तर चूक एक टक्क्याची. कॉलेजात ती चालून जाते. औषधाच्या कच्च्या मालाची शुद्धता मात्र अनेकदा ९८ ते १०२ टक्क्यांतच असावी लागते, म्हणजे अर्धी सवलत दोन थेंबांच्या आसपास संपली. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या पट्ट्यातल्या औषध कंपन्यांना माणूस हवा असतो तो हा फरक ओळखणारा.

तिथल्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात मुख्य यंत्र एचपीएलसी. नमुना द्रवाबरोबर एका भरीव नळीतून (कॉलम) ढकलून त्यातले घटक वेगळे करून ते मोजतं. ते चालवण्याचं प्रमाणपत्र देणारे महिना-दीड महिन्याचे महागडे कोर्स जागोजागी निघालेत. बटणं कोणती दाबायची हे तिथे कळतं, पण यंत्र का बिघडलं हे केमिस्ट्रीच सांगते. मोबाइल फेज, म्हणजे यंत्रातून वाहणारा हा द्रव, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून त्यातली हवा काढली नाही, तर पंपात बुडबुडे येतात आणि दाब डळमळतो. फॉस्फेट बफर चालवल्यानंतर कॉलम आधी पाण्याने न धुता सरळ ॲसिटोनायट्राइल सोडलं, तर क्षार आतच बसतात, दाब चढतो आणि हजारो रुपयांचा कॉलम निकामी होतो. नमुना टोचण्याआधी एकच स्टँडर्ड पाच-सहा वेळा टोचून पाहायचं. त्या आकड्यांतला फरक, म्हणजे आरएसडी, साधारणपणे २ टक्क्यांच्या आत आला तरच पुढे जायचं. शिवाय नोंदीची शिस्त हवी. चुकलेल्या आकड्यावर व्हाइटनर लावायचा नाही. एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. जर्नलमध्ये रीडिंग 'जुळवायची' सवय लागलेल्या मुलाची नोकरी इथे जाऊ शकते, कारण औषध कारखान्यात बनावट नोंद हा गंभीर गुन्हा मानला जातो.

प्रॉडक्शनकडे जाणाऱ्यांनी एक नियम लक्षात ठेवावा. औषधनिर्मितीवर देखरेख करणारा तांत्रिक माणूस म्हणून मान्यता मिळवायची तर मुख्य विषय रसायनशास्त्र असलेला बीएस्सी चालतो, पण पदवीनंतर औषधनिर्मितीतला किमान तीन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. तेव्हा पहिल्या दिवसापासून नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि विभागाचं नाव असलेला अनुभवाचा दाखला जपून ठेवा. ठेकेदारामार्फत लागलेल्या मुलांची गाडी नेमकी इथे अडते.

साखर कारखान्याकडे मात्र कमीपणाने बघितलं जातं, ते मला पटत नाही. मराठवाड्यात कारखाने आहेत, आणि लॅब केमिस्टशिवाय गळीत हंगामाचा एक दिवस सरत नाही. रसाचा ब्रिक्स (विरघळलेले एकूण घन पदार्थ) आणि पोल (त्यातली साखर) काढायचा, पोल भागिले ब्रिक्स गुणिले शंभर ही प्युरिटी. चुना आणि सल्फर डायऑक्साइड देऊन स्वच्छ केलेला रस पीएच ७ च्या आसपास ठेवायचा. पीएच खाली गेला तर साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊन ती मळीत जाते. वर गेला तर याच साध्या शर्करा मोडून रंग गडद होतो. पाळीच्या केमिस्टचं लक्ष तासभर हललं, की त्याचा हिशेब टनात होतो. काम हंगामी आणि पाळीचं आहे, हे खरं. पण डिस्टिलरी आणि इथेनॉल प्रकल्प जोडलेल्या कारखान्यांत काम बरंच लांबतं.

संशोधनाची वाट वेगळी आणि तिची तयारी दुसऱ्या वर्षापासून हवी. आयआयटींमध्ये एमएस्सीसाठी जॅम परीक्षा: तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात ते फक्त एकच पर्याय बरोबर असलेल्या ३० प्रश्नांत. आकडा काढून लिहायच्या २० प्रश्नांना वजा गुण नाहीत, तरी आपली मुलं कोरे सोडतात ते हेच, कारण लॉगॅरिदम आणि कॅल्क्युलसची भीती. पीसीबी घेऊन आलेल्यांनी पहिल्या वर्षीच गणिताची उजळणी सुरू करावी. काही संस्था गणिताची अटही घालतात, माहितीपत्रक वाचून बघा. एमएस्सीनंतर सीएसआयआर-नेट २०० गुणांची. त्यातल्या भाग 'क'मध्ये ६० पैकी २५ प्रश्न सोडवायचे आणि प्रत्येकाला ४ गुण, म्हणजे निम्मी परीक्षा तिथेच. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळालं तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा फार लांब नाही.

नुसतं नेट-सेट झाल्याने प्राध्यापकी मिळते, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. कायम जागा निघत नाहीत आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं जातात.

एमएस्सीला शाखा निवडताना 'ऑरगॅनिकच चालतं' हा समज अर्धवट आहे. नवे रेणू बनवण्याच्या आर अँड डीसाठी ऑरगॅनिक हवंच. क्यूसीसाठी ॲनालिटिकल तितकंच चालतं. आणि बीएस्सी म्हणजे केमिकल इंजिनिअरिंग नव्हे. जालन्याला मुंबईच्या आयसीटीचा (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) मराठवाडा कॅम्पस २०१८ मध्ये सुरू झाला, तिथला अभ्यास मुख्यतः इंजिनिअरिंगचा. फ्लास्कमधली रिॲक्शन लांबी-रुंदी-उंचीने दहापट मोठ्या भांड्यात नेली, तर आकारमान हजारपट होतं आणि उष्णता बाहेर जायला पृष्ठभाग फक्त शंभरपट मिळतो. त्या अडकलेल्या उष्णतेचं काय करायचं, हा इंजिनिअरचा प्रश्न. अशी भांडी आवडतात की रेणू, हे बारावीतच स्वतःला विचारावं.

म्हणून पालकांना विनंती, की प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊन तीन गोष्टी विचारा. एका बॅचला किती मुलं आणि किती ब्युरेट? चार दशांशांचा काटा आहे का आणि तो मुलांना वापरू देतात का? मागच्या वर्षी ठरलेल्यापैकी किती प्रॅक्टिकल प्रत्यक्ष झाली? इमारतीच्या रंगावरून यातलं काहीच कळत नाही.

महाविद्यालयांनाही एक सुचवावंसं वाटतं. पाण्याचा जडपणा काढण्याचं प्रॅक्टिकल सर्रास नळाच्या पाण्यावर उरकलं जातं. त्याऐवजी प्रत्येक मुलाने आपल्या गावच्या बोअरचं पाणी आणावं. हापसा काही मिनिटं चालवून, प्लास्टिकची लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरायची आणि गाव, तारीख, बोअरची खोली लिहायची. ३.७२३ ग्रॅम डायसोडियम ईडीटीए एक लिटरला, म्हणजे ०.०१ मोलर. ५० मिली नमुना, अमोनिया बफर टाकून पीएच १०, इंडिकेटर म्हणून चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि वाइनसारखा लाल रंग निळा होईपर्यंत टायट्रेशन. १८.५ मिली लागलं तर जडपणा ३७० मिलीग्रॅम प्रति लिटर. भारतीय मानकात २०० पर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बफर टाकल्यावर रेंगाळू नका, कॅल्शियम कार्बोनेट खाली बसू लागतं आणि रंग परत परत लालकडे वळतो. पाण्यात लोह जास्त असेल तर इंडिकेटर अडकतो आणि निळा येतच नाही.

यावरून पाणी पिण्यालायक आहे असं मात्र कोणीही जाहीर करू नये. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटसारख्या भागात खरा प्रश्न फ्लोराइडचा आहे. लिटरला १.५ मिलीग्रॅमच्या वरचं फ्लोराइड ना चवीला कळतं ना उकळून जातं, उलट उकळल्याने पाणी आटतं आणि ते वाढतं. त्यासाठी वेगळी चाचणी लागते आणि तो नमुना काचेच्या बाटलीत ठेवू नये. साठ मुलांच्या वर्गातून साठ गावांचे आकडे एका वर्षात जमतात. ते तक्त्यात मांडून ग्रामपंचायतींना आणि भूजल विभागाला द्यावेत. नमुने वर्षातून दोनदा घ्यावेत: एकदा मे महिन्यात, पाणी तळाला गेलेलं असताना, आणि एकदा दिवाळीच्या सुमारास.

आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचा एक अध्यापक, परभणी