चार पिढ्यांच्या जंगल सहलीसाठी लागणारी माहितीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी सुट्टीतल्या जंगल सहलींवर दोन पानं मजकूर आला. कोस्टा रिका, बोर्निओ, केरळ. छायाचित्रं सुरेख, दरांचे तक्ते व्यवस्थित. पण तिथे पायऱ्या किती, बोटीत चढताना हात धरायला काही आहे का, कमोड आहे की नाही, रात्री कुणाचा श्वास लागला तर डॉक्टर किती लांब, यातलं एक अक्षरही त्या दोन पानांत नाही. ज्या घरात आजी आणि नातवंडं एकत्र प्रवास करतात त्या घराला आधी हेच प्रश्न पडतात. त्यासाठी हे पत्र.

मी बेस्टच्या वाहतूक खात्यातून निवृत्त झालो. राहायला परळला. घरात आई आहे, वय ८४, वॉकर घेऊन चालते. पत्नीचे दोन्ही गुडघे दुखरे. मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू. नातीला प्राण्यांचं वेड आहे आणि तिचा हट्ट असा की पणजीला सोडून जायचं नाही. मला तो हट्ट योग्य वाटला. गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे केरळच्या सदाहरित जंगलात जाऊन आलो.

आधी एका सहल कंपनीकडे गेलो. त्यांनी सहा दिवसांत चार मुक्कामांचा कार्यक्रम पुढे ठेवला. रोज सकाळी सात वाजता गाडीत बसायचं, दुपारी धबधबा, संध्याकाळी मसाल्याची बाग. हा कार्यक्रम तिशीतल्या जोडप्यासाठी आखलेला होता, त्यात फक्त माणसांची संख्या वाढवली होती. नोकरीत मी वर्षानुवर्षं गाड्यांची वेळापत्रकं बसवली. ज्या फेरीला सर्वांत जास्त वेळ लागतो ती आधी कागदावर मांडायची, बाकीच्या तिच्याभोवती बसवायच्या. सहलही तशीच आखावी लागते. आईला सकाळी आवरायला किती वेळ लागतो आणि नातू दुपारी कधी झोपतो, या दोन गोष्टी आम्ही आधी लिहिल्या. मग जागा शोधल्या. चाराच्या दोन झाल्या: थट्टेकाड आणि थेक्कडी.

मुन्नार वगळलं. मुलाला इरविकुलम उद्यानातला नीलगिरी ताहर, म्हणजे तिथला डोंगरी बकरा, बघायचा होता. (हे उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये ताहरच्या विणीच्या काळात बंद असतं. त्या दिवसांत मुन्नारला जाणाऱ्यांना ही गोष्ट कुणी आधी सांगत नाही.) मे महिन्यात उद्यान उघडं होतं, पण थेक्कडीसाठी एक घाट चढायचाच होता. गाडी लागणाऱ्या लहान मुलाला आणि म्हाताऱ्या माणसाला घेऊन त्यात आणखी वळणं कशाला?

जंगल म्हटलं की आपल्याकडे वाघ आणि जीप एवढंच डोळ्यांसमोर येतं. उघड्या जीपमध्ये पहाटे थंडीत तीन-चार तास हादरे खात बसणं ८४ वर्षांच्या पाठीला जमणार नाही. पश्चिम घाटातल्या सदाहरित जंगलाचं तसं नाही. तिथे झाडी इतकी दाट की लांबचं काही दिसतच नाही. मोठं जनावर दिसलं तर नशीब. पण पक्षी, खारी, सरडे, बेडूक, फुलपाखरं यांची नुसती रेलचेल असते, आणि ती बघायला धावावं लागत नाही. एका जागी गप्प बसलं की ती समोर येतात. म्हातारी माणसं गप्प बसू शकतात. लहान मुलांना ते शिकवता येतं.

थट्टेकाडचं पक्षी अभयारण्य जेमतेम २५ चौरस किलोमीटरचं. कोठमंगलमपासून बारा-तेरा किलोमीटरवर, पेरियार नदीकाठी. आपल्या मुंबईच्या सालिम अलींनी १९३०च्या दशकात त्रावणकोर-कोचीन संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी केली तेव्हा हा भाग त्यांच्या नजरेत भरला. पुढे १९८३ मध्ये अभयारण्य झालं. आज तिथल्या गावकऱ्यांनी घरातच पाहुण्यांची सोय केली आहे. परसात उथळ पाण्याचं एक छोटं डबकं, समोर हिरवं कापड ताणलेला आडोसा, आत खुर्च्या. उन्हाळ्याच्या दुपारी पाणी प्यायला, अंघोळीला पक्षी तिथे उतरतात. आई खुर्चीत बसून होती आणि तिच्यासमोर पाचू कवडा आला, रानकोंबडा आला, शेपटीला दोन लांब तारा लावल्यासारखा भृंगराज आला. नातवाला पक्ष्यांत फार गोडी नव्हती. त्याला सुपारीच्या खोडावर उडता सरडा सापडला. गळ्याखालची पिवळी पताका उघडत-मिटत बसलेला तो सरडा एका झाडावरून अलगद तरंगत दुसऱ्या झाडावर गेला, आणि मग नातवाला त्या अंगणातून हलवणं अवघड झालं.

वाटाड्याने आम्हांला श्रीलंकी बेडूकतोंड्या दाखवला. हा निशाचर पक्षी दिवसा जोडीने फांदीवर बसून राहतो, अगदी वाळक्या पानासारखा. वाटाड्याने बोट दाखवूनही मला कितीतरी वेळ दिसेना, नातीला आधी दिसला. तिथवर आई येऊ शकली नाही. सुनेने तिच्यासाठी फोटो काढला, फ्लॅश न टाकता.

पण धनेशाच्या बाबतीत आईच आमची गुरू ठरली. तिचं माहेर सावंतवाडीच्या बाजूचं. वरच्या झाडीतून खिदळल्यासारखा आवाज आला आणि राखी धनेश उडत गेला, तेव्हा ती म्हणाली, “हा आमच्या ककणेराचा भाऊ. आमचा काळा-पांढरा असतो.” मग तिने नातीला सांगितलं की ककणेर काजऱ्याची फळं खातो, जी माणसाने खाल्ली तर विषबाधा होते. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून फक्त एक फट ठेवते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर तिला त्या फटीतून भरवत राहतो. हे सगळं तिने लहानपणी पाहिलेलं. आमच्यापैकी कुणालाही तिने ते आजवर सांगितलं नव्हतं, कारण परळच्या घरात तसा विषयच कधी निघाला नाही. तिला मुंबईत ठेवून आम्ही गेलो असतो तर नातीला हे कुणी सांगितलं असतं?

म्हणूनच उन्हाळ्यात जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: धनेशाच्या विणीचे हेच दिवस असतात. घरट्याच्या झाडाखाली माणसं घोळका करून उभी राहिली तर नर चारा घेऊन येत नाही, आत मादी आणि पिल्लं उपाशी राहतात. वाटाड्या घरट्याजवळ न्यायला तयार असला तरी आपण नको म्हणावं.

थेक्कडीची गोष्ट थोडी वेगळी. इथला तलाव मुल्लपेरियार धरणाचा. ते १८९५ साली झालं, त्याच्या पाण्यात बुडालेल्या झाडांचे बुंधे आजही तलावातून वर आलेले दिसतात आणि त्यांवर पाणकावळे बसतात. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठावर हत्ती आणि गवे उतरतात, ते बोटीतून बसल्या जागी दिसतात. म्हाताऱ्या माणसांसाठी यापेक्षा सोयीचं वन्यजीव दर्शन मला माहीत नाही. पण ३० सप्टेंबर २००९ रोजी याच तलावात पर्यटकांची बोट उलटून ४५ जणांचा जीव गेला, हेही विसरू नये. लाइफ जॅकेट सर्वांनी घालायचं, प्राणी दिसला म्हणून एका बाजूला धावायचं नाही, हे मुलांना बोटीत चढण्याआधी सांगावं. आईला जॅकेटमध्ये घुसमटल्यासारखं होईल अशी भीती होती, म्हणून ऐरोलीला ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यात आम्ही आधी रंगीत तालीम केली. भरतीची वेळ बघून तिथून बोट सुटते. आई जॅकेट घालून बसली, फ्लेमिंगो बघून खूश झाली, आणि धक्क्यावरून बोटीत पाऊल टाकताना तिला कुणी कुठे धरायचं हे आम्हांला कळलं. मुंबईकरांना एवढी जवळची सोय आहे, तिचा असा उपयोग जरूर करावा.

थेक्कडीला जंगलात वाट दाखवणाऱ्यांत काही जण पूर्वी वायना नावाच्या, दालचिनीच्या कुळातल्या झाडांची साल चोरून विकत असत. वनखात्याने १९९०च्या दशकात त्यांना बरोबर घेतलं, समिती करून काम दिलं. आज तेच जंगल राखतात. मुलगा आणि सून एका सकाळी त्यांच्यासोबत पायी गेले, आम्ही तिघं मोठी आणि दोन मुलं व्हरांड्यात शेकरू बघत बसलो. सगळ्यांनी सगळीकडे एकत्र गेलंच पाहिजे हा आग्रह सोडला की अशी सहल सोपी होते.

रेल्वेबद्दल. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुलं होतं. मे महिन्याच्या कोकण रेल्वेच्या गाड्या किती लवकर भरतात हे सांगायला नको. ज्येष्ठांसाठीचा खालच्या बर्थचा कोटा फक्त एक किंवा दोन ज्येष्ठांच्या वेगळ्या तिकिटावर मिळतो, सगळ्या कुटुंबाच्या एकत्र तिकिटावर नाही. म्हणून आई आणि पत्नीचं तिकीट वेगळं काढावं आणि आपलं त्याच डब्यात मिळतं का ते बघावं. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. ती पुन्हा सुरू व्हायलाच हवी. ८४ वर्षांच्या बाईकडून पूर्ण भाडं घेणं मला मान्य नाही.

यंदा आईच्या मनात आंबोली आहे, आणि तीही पावसात. नातीला बेडूक बघायचे आहेत. आंबोलीच्या परिसराबाहेर जवळजवळ कुठेच न आढळणारा एक भेक आहे, विज्ञानात त्याची नोंद २००९ मध्ये झाली. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, साचलेल्या उथळ पाण्यात तो अंडी घालतो. झाडावरचा मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांना फेसाचं घरटं करतो. हे बघायचं तर रात्री, रेनकोट घालून, वाटाड्याबरोबर हळूहळू चालायचं. आई व्हरांड्यात दिव्यावर येणारे पतंग बघणार आहे. जळवांना ती घाबरत नाही, सुनेसाठी जळवांचे मोजे घेतलेत. शनिवार-रविवार टाळले आहेत, कारण तेव्हा धबधब्यावर गाड्यांची रांग लागते आणि रात्री त्याच रस्त्यावर बेडूक चिरडले जातात. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा पट्ट्यात हिवाळा-उन्हाळ्यात माकडतापाचा धोका असतो, तो गोचिडांमुळे पसरतो; त्या महिन्यांत जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत आणि मुलांना पालापाचोळ्यात बसू देऊ नये.

आता मूळ मुद्दा. आम्ही ही सगळी माहिती फोन करून करून गोळा केली. एका ठिकाणी “पायऱ्या फार नाहीत” असं सांगितलं, प्रत्यक्षात खोलीपर्यंत दोन मजल्यांएवढा चढ निघाला आणि त्याला कठडाही नव्हता. बोर्निओत सेपिलोकला ओरांगउटान बघायला जंगलातून लाकडी फळ्यांची सपाट वाट बांधलेली आहे. तसं आपल्याकडे का होऊ नये? मोठा खर्च नको. शंभर-दोनशे मीटरची सपाट वाट, मधे पाठ टेकायला बाक, वाटेच्या तोंडाशी कमोड असलेलं स्वच्छतागृह, आणि एक फलक: पुढे इतक्या पायऱ्या आहेत. महाराष्ट्राच्या वनखात्याने आंबोली, भीमाशंकर आणि आमच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात एवढं केलं तरी हजारो घरांतली म्हातारी माणसं बाहेर पडतील.

आणि आपल्या पुरवणीने प्रत्येक ठिकाणाखाली चार ओळींची चौकट द्यावी: पायऱ्या व चढ, स्वच्छतागृह, जवळचं रुग्णालय, बंद असण्याचे महिने. केरळमधल्या दोन्ही ठिकाणांचं आमचं टिपण तयार आहे. आंबोलीचं परत आल्यावर पूर्ण करून पाठवतो. आपल्या कार्यालयात ते कुणाकडे द्यायचं एवढं कळवावं.

आपला,
बेस्टचा एक निवृत्त कर्मचारी, परळ, मुंबई