वजन हळूच उतरते, हेही छापून यावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सकाळच्या वृत्तपत्राच्या घडीतून पडणारी वजन घटवण्याची हस्तपत्रके आता नागपूरकरांच्या सवयीची झाली आहेत. ‘पंधरा दिवसांत सात किलो’, ‘पथ्य नाही, व्यायाम नाही’ अशा धर्तीचा मजकूर, शेजारी एकाच व्यक्तीची दोन छायाचित्रे आणि खाली मोबाइल क्रमांक, असा त्यांचा साचा ठरलेला असतो. त्या क्रमांकावर फोन करून पैसे घालवणाऱ्यांची कणव सर्वांनाच येते. मला मात्र या पत्रात फोन न करणाऱ्यांविषयी लिहायचे आहे. ज्यांनी डॉक्टरांचा सल्ला मानून ताटातले तेल आणि साखर कमी केली, रोज चालायला सुरुवात केली आणि ज्यांचे वजन महिन्याला दीड-दोन किलोने उतरतही आहे, अशी माणसे केवळ हस्तपत्रकातला आकडा डोक्यात बसल्यामुळे स्वतःला नापास ठरवतात आणि चांगला चाललेला क्रम सोडून देतात. माझ्या मते या जाहिरातींचे खरे नुकसान हे आहे.

मी निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका आहे आणि सेमिनरी हिल्सच्या बाजूला सकाळी चालणाऱ्या महिलांच्या एका गटात असते. जानेवारीत फुटाळ्याच्या काठावर आणि अंबाझरीच्या रस्त्यावर दिसणारे नवे बूट होळीपर्यंत निम्मे दिसेनासे होतात, हे तिथे नियमित जाणारा कोणीही सांगेल. याला आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. गटातल्या बायकांशी बोलताना मला मात्र आळसापेक्षा निराशाच जास्त आढळते, आणि त्या निराशेच्या मुळाशी चुकीचा हिशोब असतो.

हिशोब असा आहे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचे, तर रोज साडेपाचशे कॅलरींची तूट पडली पाहिजे. सत्तर किलोची व्यक्ती तासभर भरभर चालली, तर अडीचशे ते तीनशे कॅलरी खर्च होतात, आणि त्यातल्या सत्तरएक तर ती त्या वेळात नुसती बसली असती तरी खर्च झाल्याच असत्या. म्हणजे खाण्यात काहीही बदल न करता केवळ रोजच्या तासभराच्या चालण्यावर एक किलो चरबी उतरवायला महिन्याहून अधिक काळ लागतो, आणि परतीच्या वाटेवर तर्री-पोहे किंवा आलूबोंडा झाला तर तोही हिशोब उरत नाही. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग डॉक्टर सुरक्षित मानतात, आणि प्रत्यक्षात बहुतेकांना त्यातला खालचा आकडाच जमतो.

मग पंधरा दिवसांत सात किलो कोठून येतात? ते मुख्यतः पाणी असते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (म्हणजे शरीराच्या राखीव साखरेच्या) प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. जेवण एकदम तोडले की तो साठा संपतो आणि त्याच्यासोबत पाणीही निघून जाते. दोन दिवस नेहमीसारखे जेवले की ते परत येते. हेच उलट्या बाजूनेही घडते. रात्री सावजीचे खारट-तिखट जेवण झाले की सकाळी काटा किलो-दीड किलोने वर गेलेला दिसतो, आणि कोणीही एका रात्रीत एवढी चरबी कमावू शकत नाही. पाळीच्या आधीच्या दिवसांत, तसेच नवा व्यायाम सुरू केल्यावर स्नायू दुखत असताना शरीर पाणी धरून ठेवते. रोज काट्यावर उभे राहून रोज मनःस्थिती ठरवणाऱ्यांनी एवढे जरी लक्षात घेतले, तरी पुष्कळ मनस्ताप वाचेल. रोजच मोजायचे असेल तर आठवड्याची सरासरी काढावी, आणि या आठवड्याची सरासरी गेल्या महिन्यातल्या सरासरीशी ताडून पाहावी.

याहून मोठी फसगत पुढे होते, आणि ती शिकलेल्या, आकडेमोड करणाऱ्या माणसांची होते. वर दिलेला ७,७०० चा हिशोब साध्या त्रैराशिकाने वर्षभर ताणला जातो. समजा, एखाद्याने रोजच्या आहारातून २४० कॅलरी, म्हणजे जवळपास दोन मोठे चमचे तेल, कायमचे कमी केले. त्रैराशिकाने त्याचे वर्षाला अकरा-साडेअकरा किलो कमी व्हायला हवेत. तसे कधीच होत नाही, कारण वजन उतरले की लहान झालेल्या शरीराचा रोजचा खर्चही कमी होतो आणि भूक मात्र वाढते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचे गणित मांडले. त्यांच्या हिशोबाने दिवसाला २४ कॅलरींची कायमची घट ही अखेरीस सुमारे एक किलो उतरवते. त्यातले निम्मे उतरायला एक वर्ष आणि ९५ टक्के उतरायला तीन वर्षे लागतात. म्हणजे आपल्या दोन चमचे तेलवाल्याचे पहिल्या वर्षी पाच किलो उतरतील आणि तीन वर्षांनी साडेनऊ. पाच किलो उतरलेला हा माणूस वर्षाच्या शेवटी आनंदात असायला हवा. त्रैराशिकाच्या नादाने तो निम्म्याच गुणांनी पास झाल्यासारखा खिन्न असतो. वजन अडून बसलेल्या महिन्यांत पुष्कळदा शरीर आपला खर्च जुळवून घेत असते, एवढाच त्याचा अर्थ असतो. (महिनोन्‌महिने काहीच हलत नसेल किंवा उलट वाढत असेल, तर थायरॉइड आणि सुरू असलेली औषधे डॉक्टरांना दाखवावीत हे वेगळे.)

काट्याकडे पाहून खचणाऱ्यांना मी चेन्नईचे एक उदाहरण नेहमी सांगते. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आहार सुधारून नियमित चालणाऱ्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि विशेष म्हणजे त्यांच्या वजनात लक्षणीय फरक पडलेला नव्हता. काटा जागचा हलला नाही, तरी शरीराच्या आत बदल झाला होता. त्याआधी २००२ मध्ये अमेरिकेतल्या अशाच मोठ्या अभ्यासात सुमारे सात टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटांचा व्यायाम एवढ्या उद्दिष्टावर हे प्रमाण ५८ टक्क्यांनी खाली आले होते. ऐंशी किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलोच होतात. एवढ्याशा घटीनेही रक्तदाब आणि साखर सुधारते, पण हस्तपत्रकातल्या छायाचित्रात ती दिसणार नाही, म्हणून तिची कोणी जाहिरात करत नाही.

आपल्याकडे तर काट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे पाहिले, तर सर्वसाधारण लठ्ठपणा २८.६ टक्के आणि पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत आढळला. हातपाय बारीक आणि पोट पुढे, ही आपली नेहमीची ठेवण. पुरुषांनी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा, असे सांगितले जाते. महिन्यातून एकदा घेर मोजावा, तीन महिन्यांनी साखरेची तपासणी करावी, टेकडीचा चढ न थांबता चढता येतो का तेही पाहावे. या खुणा हळू बदलत असल्या, तरी कालच्या मिठाने त्या लगेच वरखाली होत नाहीत.

नागपूरच्या वर्षाचा विचार केला, तर धीर सुटण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे सरकला की आठ वाजताच बाहेर चालणे अशक्य होते, मग ‘आता पावसाळ्यातच’ असे म्हणून क्रम तुटतो, आणि पावसाळ्यात तो पुन्हा जुळत नाही. या दोन महिन्यांसाठी कूलरसमोर घरातच करता येईल असा ताकदीचा व्यायाम शिकून घेणे मला अधिक महत्त्वाचे वाटते: खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे. वजन उतरताना चरबीसोबत स्नायूही झिजतात, आणि ते टिकवायला असा व्यायाम आणि ताटात पुरेशी डाळ, उसळ, दही किंवा अंडी लागतात. नुसत्या काकडी-लिंबूपाण्यावर राहणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. शिवाय फार झपाट्याने वजन उतरवले, तर पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

दुसरी जागा म्हणजे आपले आदरातिथ्य. महालक्ष्मींच्या जेवणात पुरणपोळीवरचे तूप नाकारणे कोणालाच शोभत नाही, आणि ते नाकारावे असे मी म्हणणारही नाही. वर्षातल्या दहा-वीस सणांनी कोणाचे वजन वाढत नाही. ते वाढते उरलेल्या साडेतीनशे दिवसांच्या फोडणीने. घरात महिन्याला किती तेल लागते हे किराण्याच्या यादीवर लिहिलेले असते, आणि तो आकडा खाली आणणे हे सर्व घराचे काम आहे, एकट्या सुनेचे किंवा एकट्या मधुमेही सासऱ्यांचे नव्हे. जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, ताक हे आपल्या वऱ्हाडी-नागपुरी ताटात आधीपासून आहेच. महागड्या पावडरीच्या डब्यांची त्यासाठी गरज नाही. त्याहून त्रासदायक म्हणजे ‘इतकं चालता, पण काही फरक दिसत नाही बरं का’ हा शेरा. आपल्याकडे तो लग्नाच्या स्वागत समारंभात, सर्वांसमोर, अगदी आपुलकीने मारला जातो. मी स्वतः तो ऐकल्यावर ‘साखर किती खाली आली ते विचारा’ असे उत्तर देते आणि विषय बदलते.

२०२५ पासून आपल्याकडे वजनासाठीची नवी इंजेक्शनेही मिळू लागली आहेत. गरजू रुग्णांना त्यांचा मोठा उपयोग आहे, परंतु त्यांतले सेमाग्लुटाइड हे औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचे अभ्यासात दिसले आहे. म्हणजे तेथेही पंधरा दिवसांचा मार्ग नाहीच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, नाहीतर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

आता आपल्याकडे दोन विनंत्या. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. ज्या विकारांवर औषधाची जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे, त्यांच्या यादीत लठ्ठपणाही आहे, आणि जाहिरातीच्या व्याख्येत परिपत्रके व इतर छापील कागदही येतात. घडीत कागद घालणाऱ्या पोराचा यात दोष नाही आणि प्रत्येक हस्तपत्रकावर आपले नियंत्रण नसेल, हे मला समजते. परंतु वितरकांना सूचना देणे आणि आपल्या स्वतःच्या पानांवरील छोट्या जाहिराती तपासून घेणे आपल्या हाती नक्कीच आहे.

दुसरी विनंती आपल्या आरोग्य पुरवणीविषयी आहे. वजन कमी केलेल्यांच्या मुलाखती जरूर छापाव्यात, मात्र किती दिवसांत किती किलो उतरले हा प्रश्न त्यांतून वगळावा, आणि ज्यांना वजन उतरवून तीन वर्षे झाली आहेत अशांनाच बोलावून त्यातले किती टिकले, घेर किती झाला, कोणत्या गोळ्या कमी झाल्या आणि उन्हाळ्यात त्यांनी काय केले, हे विचारावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
धरमपेठ, नागपूर