तुमच्या खोलीतला एसी मी चालू ठेवलाय

जेलरोड, नाशिकरोड
10 मे

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. इकडे सगळे ठीक आहोत. फोन केला की तुम्ही स्पीकर लावता, मागून दादा सल्ले देतो, वहिनी कुकर बंद करायला उठते आणि मला जे सांगायचं असतं ते राहून "जेवलीस का" वर फोन संपतो. म्हणून कागद घेतला. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा, पण दादा ऑफिसला गेल्यावर.

आधी मुद्द्याचं सांगून टाकते. तुमची खोली मी घेतली.

बाहेर काढलं असं मुळीच नाही. (हे वाक्य तीनदा खोडलंय.) तुमचा पलंग आता माझ्या खोलीत आहे, गॅलरीच्या बाजूला. मी आणि अथर्व हॉलमध्ये. त्याला तसंही टीव्हीजवळच झोपायचं असतं. पलंगाची डोक्याची बाजू दक्षिणेलाच ठेवली आहे बाबा, मोबाइलमधल्या होकायंत्रावर दोनदा बघून. ट्रान्झिस्टर उजव्या हाताला, चष्म्याचं घर त्याच्या शेजारी, आणि दिव्याचं बटण पडल्या पडल्या हात पुरेल असं खाली घेतलंय. बाथरूम खोलीतच असल्यामुळे आईला रात्री पॅसेजमधला तो उंबरठा ओलांडावा लागणार नाही. नव्या गुडघ्यानं तर नाहीच नाही. कमोडच्या दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे लावून घेतलेत. पक्के बसलेत की नाही ते मी स्वतः लोंबकळून बघितलं. तुळस गॅलरीत आणली. देवघर आहे तिथेच आहे, त्याला मी हात लावलेला नाही.

एक कमी आहे, ती लपवत नाही. त्या खोलीत एसी नाही. तुमच्यासाठीच घेतलेला एसी मी चॉकलेटला दिला, हे लिहितानाही कसंतरी होतंय. पण खरं सांगा, नऊ वर्षांत तुम्ही तो किती लावलात? बाबा 28 वर ठेवून कानापर्यंत चादर ओढणार आणि आई मध्यरात्री उठून बंद करणार. गॅलरीच्या खोलीला दोन बाजूंनी खिडक्या आहेत, उन्ह फक्त सकाळचं, कूलर सर्व्हिसिंग करून आणलाय. महिन्याभरात पाऊस आला की तोही लागणार नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी दुसरा एसी घेईन, शब्द.

आता खोली कशाला, ते. चॉकलेट हा फार मानी पदार्थ आहे, अगदी आपल्या अण्णाकाकांसारखा. दोन अंश इकडेतिकडे झाले की रुसतो. आधी 45 अंशांपर्यंत वितळवायचं, मग ढवळत ढवळत 28 च्या आसपास उतरवायचं, आणि पुन्हा हलकेच 31-32 वर न्यायचं. याला टेम्परिंग म्हणतात. कोको बटर सहा तऱ्हांनी गोठू शकतं, त्यातली पाचवी तेवढी आपल्या कामाची. ती साधली तर चॉकलेट चकाकतं, मोडताना टक् असा आवाज करतं. नाही साधली तर पांढुरकं, भुगभुशीत. बाबा, तुम्ही पगाराच्या दिवशी कोरी नोट माझ्या कानाशी झटकून "ऐक" म्हणायचात ना? मी आता चॉकलेटची पट्टी कानाशी धरून मोडते. अथर्व हसतो मला.

हे सगळं खोलीत 20-22 अंश असतील तर जमतं. आपल्या स्वयंपाकघरात परवा दुपारी 37 होते. कोको बटर 34 लाच पातळ होतं, म्हणजे तिथे ते जन्मात घट्ट व्हायचं नाही. "मग साधं चॉकलेट वापर" असं तुम्ही म्हणणार, म्हणून आधीच सांगते. ते कंपाऊंड. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते, टेम्परिंगची कटकट नाही, पण टाळूला मेणासारखं चिकटून बसतं. शेजारच्या बारशाच्या केकवर होतं तेच, आईनं दोन बोटांनी काढून बशीच्या कडेला ठेवलं होतं.

आई, तुझं कपाटही हलवावं लागलं. त्याचं असं झालं की पहिल्या आठवड्यातल्या सगळ्या चॉकलेटला डांबरगोळ्यांचा वास लागला. कोको बटर आजूबाजूचा वास ओढून घेतं हे मी वाचलं होतं, पण तुझ्या पैठणीचाही ओढेल असं वाटलं नव्हतं. दीड किलो माल गेला. साड्या घड्या न मोडता तशाच्या तशा ठेवल्यात, मोजून. शिलाई मशीन खिडकीशी आहे.

आता दुसरी गोष्ट. ती पहिलीतूनच निघाली, म्हणून इतका वेळ खोलीच्या भोवती फिरत बसले. ऑफिस मी 30 एप्रिलला सोडलं.

बाबा, कृपा करून चष्मा काढून ठेवू नका, पुढचं वाचा. अण्णाकाकांच्या हॉटेलचं काय झालं ते मला ठाऊक आहे. त्या दोन वर्षांत घरात काय काय गेलं तेही मी पाहिलंय, लहान होते तरी. मी कुणाकडून पैसे घेतलेले नाहीत. कर्ज नाही, भागीदार नाही. आठ महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला टाकलाय, अथर्वच्या दहावीच्या क्लासची फी भरून झाली. गेल्या दिवाळीपासून शनिवार-रविवारच्या ऑर्डरी करतच होते, तुम्ही बघत होतात. मार्च आणि एप्रिल या दोन महिन्यांत त्या दोन दिवसांचे पैसे पगाराच्या निम्म्याच्या वर गेले. अन्नसुरक्षेची नोंदणी केली आहे. पावती तुमच्या निळ्या फायलीत लावली, तारखेनुसार. नोटांच्या प्रेसमध्ये तीस वर्षं एका नोटेचा हिशेब चुकू न देणाऱ्या माणसाला मी तोंडी आकडे सांगणार नाही. वही टेबलावर आहे, आल्यावर तपासा. कोकोचं महाग प्रकरण कशाला, असं वाटेल. 2024 मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्टकडचं पीक बसलं तेव्हा भाव टनाला 10 हजार डॉलरच्या वर गेला होता, पेपरात तुम्हीच मला दाखवलं होतंत. ती बातमी वाचूनच मी केकचे भाव ठरवायला शिकले.

आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात, नुसते गप्प बसला असतात, आणि मग मी सोडली नसती नोकरी. म्हणून नाही विचारलं. आईच्या ऑपरेशनच्या धावपळीत सांगायचा धीरही झाला नाही.

बरं, ते राहू दे. 24 तारखेला तुमच्या लग्नाला 50 वर्षं होतात. केक मी करते आहे, आणि तो साधा नाही. आई, तू विचारशील "काय काय घालणार", तर बसून ऐक.

सगळ्यात खाली कुरकुरीत थर. पुस्तकात त्याला प्रालीन म्हणतात, साखरेचा पाक करून त्यात बदाम-हेझलनट घालून वाटायचं. मी शेंगदाणे घेतले. म्हणजे चिक्कीच, मिक्सरमधून तेल सुटेपर्यंत फिरवलेली. त्यात वितळलेलं चॉकलेट आणि चुरलेली वेफर बिस्किटं. त्यावर चॉकलेटचा स्पंज, दह्यातला. अंडं उंबऱ्याच्या आत आलेलं नाही, शपथ. पहिले तीन स्पंज मध्ये बसले, चौथा उभा राहिला.

मग द्राक्षांचा थर. पिंपळगावच्या मामींकडची काळी शरद, मार्चमध्येच धुऊन फ्रीजरमध्ये ठेवली होती. परदेशात इथे चेरी नाहीतर रासबेरी घालतात. आपल्याकडे द्राक्षं सोडून ती कशाला शोधत बसायची? साल थोडी तुरट असते, ती कडू चॉकलेटला फार छान जाते, वर लिंबाचा रस. हा थर घट्ट करायला मी तुझं चायनाग्रास वापरलं होतं आई, उन्हाळ्यात तू दुधाच्या वड्या करायचीस ते. फजिती झाली. चायनाग्रास गोठवून परत बाहेर काढलं की पाणी सोडतं. केक कापला तर द्राक्षाचं पाणी ताटभर. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातडीचं, ते तुझ्या घरात नको. शेवटी पेक्टिन आणलं, ते लिंबू-संत्र्यांच्या सालींतून काढतात. आता थर जागचा हलत नाही.

त्याच्यावर आणि भोवती मूस. गरम सायीत चॉकलेट विरघळवायचं, जरा निवू द्यायचं, मग अर्धवट फेटलेलं क्रीम हलक्या हातानं मिसळायचं. यात घट्ट करायला काहीच लागत नाही, थंड झाल्यावर चॉकलेटच त्याला धरून ठेवतं. हे सगळं कड्यात उलटं रचायचं, म्हणजे वरची बाजू खाली, आणि रात्रभर गोठवायचं. दुसऱ्या दिवशी कडं काढून दगडासारख्या केकवर ग्लेझ ओतायचं. कोको, साखर, क्रीम आणि पेक्टिनचं आरशासारखं आवरण. ते एकदाच ओतायचं असतं, एका हातानं, न थांबता. सुरीनं सारखं करायला गेलात की मेलं. गेल्या आठवड्यात नेमकी तेव्हाच वीज गेली, चार तास. अंधारात ओतलं, एका बाजूनं सगळं घसरलं. अथर्वनं आणि मी तो केक उभ्या उभ्या चमच्यानं खाल्ला आणि रडायचं विसरून गेले.

शेवटी वर टेम्परिंग केलेल्या चॉकलेटच्या पातळ पट्ट्या, पन्नास. मोजायचं काम बाबांचं.

एकूण तीन दिवस लागतात. स्पंज भाजला जाईपर्यंत मी तुमच्या खोलीत खिडकीशी बसते. तिथून अजून लिंबाचं झाड दिसतं. काल बसल्या बसल्या तो वाळूवरचा केक आठवला. स्टोव्हवर कढई, कढईत गोदेची चाळलेली वाळू, त्यावर ॲल्युमिनियमचं गोल भांडं आणि झाकणावर निखारे. कोको डब्याच्या तळाशी चिकटलेला, तो तू चमच्यानं खरवडायचीस. माझ्या वाढदिवसाला बाबांची सेकंड शिफ्ट असायची. तू केक कापू द्यायची नाहीस. मी भिंतीला टेकून झोपून जायचे, आणि बाबा आले की सायकलच्या स्टँडच्या आवाजानं जाग यायची. मग मधल्या रात्री केक. खालून थोडा जळका, आणि दाताखाली एखादा कण वाळूचा. इतके थर रचूनही त्या केकची चव काही येत नाही, आई. जळका भाग मी दोनदा मुद्दाम करून बघितला.

आता नीट ऐका, आणि "हो हो" म्हणून सोडून देऊ नका. 22 ला निघताना गाडीत आईला मागच्या सीटवर पाय लांब करून बसवा, पाठीशी उशी. नारायणगाव आणि संगमनेर, दोन्हीकडे उतरून पाच-पाच मिनिटं चालायचं. वॉकर डिकीत सगळ्यात वर ठेवा, तळाशी नको. बाबा, भजी नाही. एकच प्लेटसुद्धा नाही. गोळी जेवणासोबत, जेवण झाल्यावर आठवली म्हणून नाही. आई, व्यायाम दोन्ही वेळेला, वहिनी बघत नसली तरी. इथे आल्यावर खाली बसायचं नाही, भाजी निवडायलाही नाही, मी उंच स्टूल आणलंय. आणि नव्या कामाचा कंटाळा आलाय का, जमतंय का, असं रोज विचारायचं नाही. आठवड्यातून एकदा विचारा.

बाबांच्या साखरेचं माझ्या डोक्यात आहे. डार्क चॉकलेट म्हणजे बिनसाखरेचं हा गैरसमज दादाच्या घरातही पसरलेला दिसतो, 70 टक्केवाल्यातही उरलेली बहुतेक साखरच असते. तेव्हा बाबांना दोन बोटांएवढा तुकडा, जेवणानंतर, आणि त्या दिवशी भात नाही. तुकडा लहान असला तरी त्यात सगळे थर येतील असा कापून देईन.

खोली बघून वाईट वाटलं तर मला सांगा, दादाला सांगू नका. दोन-चार दिवस झोपून बघा. नाहीच जमलं तर पलंग परत तिकडे नेऊ, मी आणि माझं चॉकलेट काहीतरी करू. (जमेल तुम्हाला. सकाळचं उन्ह फार छान येतं तिथे.)

दादा-वहिनीला नमस्कार, पिल्लूला पापा.

तुमची
चिमी

ता. क. वाळूच्या केकचं ते ॲल्युमिनियमचं भांडं दादाच्या माळ्यावर आहे, जुन्या परातीच्या खाली. आठवणीनं घेऊन या. तळाला पोचा आलाय, तरी चालेल.