हैतीची बातमी देताना एवढी एक ओळ टाका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही हैतीवर चक्क अर्धं पान दिलंत, बघून बरं वाटलं, नाहीतर तिथे भूकंप झाला किंवा गँगवाल्यांनी गोळीबार केला तरच त्या देशाचं नाव आपल्या पेपरात येतं. पण वाचायला घेतलं तर पहिल्याच वाक्यात 'काळ्या जादूचा देश', आणि खाली जमिनीवर पिठाने काढलेल्या नक्षीचा फोटो, त्याला कॅप्शन काय तर 'अघोरी विद्येचं चिन्ह'. अहो, ती त्यांची रांगोळी आहे! अगदी आपल्यासारखी नसेल, पण रीत तीच, मक्याचं पीठ चिमटीतून सोडत सोडत रेघ ओढायची, ज्या देवाला बोलवायचं त्याची ठरलेली नक्षी, तिला 'व्हेव्हे' म्हणतात, आणि मग पूजेत नाचणाऱ्यांच्या पायांनीच ती पुसली जाते. कुठल्याही विधीत पहिला मान लेग्बाचा, तो दार उघडणारा, त्याने वाट दिली की मग बाकीचे देव येणार. आपल्याकडे आधी कोणाला बसवतात ते मी सांगायला नको. व्होडू हा तिथला धर्म आहे, 2003 साली सरकारने त्याला रीतसर मान्यताही दिली. बाहुलीला टाचण्या टोचायचं जे आपल्या डोक्यात बसलंय ते सगळं पिक्चरवाल्यांनी बसवलंय.

मी काही अभ्यासक वगैरे नाही, बँकेतून रिटायर झालेली बाई. लेक बॉस्टनजवळ असते, नातवाच्या वेळेला सहा महिने जाऊन राहिले होते, त्या भागात हैतीची माणसं भरपूर. लेकीच्या शेजारीच एक हैतीची नर्स राहायची. 1 जानेवारीला सकाळी आठ वाजता बेल वाजली, बघते तर ही दारात उभी, हातात फडक्यात बांधलेलं भलंमोठं पातेलं आणि वर एक छोटा डबा. पातेल्यात बीफ होतं, मी खात नाही हे लेकीने तिला आधीच सांगून ठेवलेलं, म्हणून डब्यात माझ्यासाठी बिनमांसाचं वेगळं. आपला लाल भोपळा शिजवून घोटलेला, त्यात बटाटा, गाजर, कोबी, मकरोनी, लवंगेचा वास, आणि मधोमध एक अख्खी बुटकी मिरची तरंगत ठेवलेली, तिला चमच्याने धक्का लावायचा नाही, फुटली की संपलं. मी आपलं म्हटलं, न्यू इयर स्पेशल वाटतं? तर म्हणाली, नाही काकू (लेकीचं ऐकून तीही काकूच म्हणायची), इंडिपेंडन्स डे.

मग तिने सांगितलं ते असं, की फ्रेंचांच्या राज्यात हे सूप गुलामांनी रांधायचं आणि मालकांनी प्यायचं, रांधणाऱ्याला एक घोट नाही. 1 जानेवारी 1804 ला गोनाईव्ह गावात स्वातंत्र्य जाहीर झालं, आणि तेव्हापासून दर 1 जानेवारीला घरोघरी हेच सूप, 'सूप जुमू', शेजारीपाजारीही द्यायचं. डिसेंबर 2021 मध्ये युनेस्कोच्या ज्या बैठकीत कोलकात्याची दुर्गापूजा वारसा यादीत गेली ना, त्याच बैठकीत हे सूपही गेलं. दुर्गापूजेची बातमी तेव्हा सगळीकडे होती, सूपाची मला तरी कुठे दिसली नाही.

घरी आल्यावर मी वाचत सुटले. साखर, कॉफी, नीळ पिकवणारी ही फ्रान्सची सगळ्यात श्रीमंत वसाहत, आणि ती राबवायला आफ्रिकेतून आणलेले जवळपास 5 लाख गुलाम. 1791 च्या ऑगस्टमध्ये ते उठले. तूसाँ लूव्हेर्त्यूर, स्वतः गुलामीत जन्मलेला माणूस, त्यांचा सेनापती झाला, पुढे फ्रेंचांनी त्याला बोलणी करायला बोलावून पकडलं आणि फ्रान्सच्या थंड डोंगरातल्या किल्ल्यात डांबलं, तिथेच तो एप्रिल 1803 मध्ये गेला. पण नेपोलियनच्या फौजेचं काय झालं, तर अर्धी पिवळ्या तापाने खाल्ली आणि उरलेली तूसाँच्याच हाताखालचा सेनानी देसालीन याने नोव्हेंबर 1803 मध्ये व्हर्तिएरच्या लढाईत हरवली. फ्रेंचांच्या झेंड्यातला पांढरा पट्टा काढून टाकून निळा-लाल जोडला तो यांचा झेंडा. देशाचं नावसुद्धा फ्रेंचांचं ठेवलं नाही, तिथले मूळ लोक जे म्हणायचे ते 'आयिती', म्हणजे डोंगराळ मुलुख, ते परत आणलं.

आणि डोंगर म्हटलं की किल्ला आला. जुलै 2025 मध्ये आपले 12 किल्ले जागतिक वारशात गेले (11 महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी), तेव्हा तुमच्या पेपरात काय तो जल्लोष, मी कात्रणं ठेवलीत. हैतीचा 'सितादेल' किल्ला 1982 पासून त्या यादीत आहे. 900 मीटरच्या वर डोंगराच्या टोकावर, स्वातंत्र्यलढ्यातला सेनानी आणि पुढे उत्तर हैतीचा राजा झालेला हेन्री क्रिस्तोफ, त्याने बांधून घेतलेला, कशासाठी तर फ्रेंच परत आले तर. तोफा फ्रेंच, इंग्रज, स्पॅनिश सगळ्यांच्या, त्यांच्या राजांची चिन्हं असलेल्या, आणि तोफगोळ्यांचे ढीग अजून तसेच रचून ठेवलेले. बांधायला माणसं मात्र सक्तीने राबवली, कालपर्यंत गुलाम होती तीच, क्रिस्तोफ काही साधुसंत नव्हता हेही लिहायला पाहिजे.

फ्रेंच परत आले, पण किल्ल्यावर हल्ला करायला नाही, वसुलीला. तेव्हा क्रिस्तोफही राहिला नव्हता. 1825 साली दहाव्या चार्ल्स राजाने 14 लढाऊ जहाजं पाठवली आणि सांगितलं, तुमचं स्वातंत्र्य मान्य करतो, पण आमच्या मळेवाल्यांचं नुकसान झालंय त्याचे 15 कोटी फ्रँक भरा. नुकसान म्हणजे काय, तर जमिनी गेल्या, आणि माणसं गेली. म्हणजे जी माणसं सुटली त्यांनीच आपल्या स्वतःच्या अंगाची किंमत मालकाला द्यायची! पहिला हप्ता 3 कोटींचा, तेवढे पैसे नव्हते, म्हणून पॅरिसच्याच बँकवाल्यांकडून कर्ज घेतलं, त्यांनी 60 लाख आधीच कापून घेतले आणि हातावर टेकवले 2 कोटी 40 लाख. बँकेत आयुष्य गेलं माझं, सावकारी कशाला म्हणतात ते मला कळतं. 1838 मध्ये एकूण रक्कम 9 कोटींवर आणली, पण कर्जावर कर्ज होत होत हे सगळं फिटलं कधी, तर 1947 ला. आपण स्वतंत्र झालो त्या वर्षी. एप्रिल 2025 मध्ये दोनशे वर्षं झाली म्हणून फ्रान्सच्या अध्यक्षांनी दोन्हीकडच्या इतिहासकारांची कमिटी जाहीर केली, पैसे परत द्यायचं काही बोलले नाहीत.

तुमच्या लेखात 'अत्यंत गरीब देश' हे तीनदा आलंय, मी मोजलं. ही वसुली एकदाही नाही.

आणि दुसऱ्या पेपरचं सोडा, मराठी पेपरात तरी असं व्हायला नको होतं. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' काढली ती अमेरिकेत निग्रोंची गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे आपण शाळेपासून अभिमानाने सांगतो. अमेरिकेत गुलामी गेली 1865 ला. हैतीच्या गुलामांनी ती स्वतः मोडली त्याच्या साठ-सत्तर वर्षं आधी, कोणी सोडवायला येईल म्हणून वाट बघत बसले नाहीत, आणि अमेरिकेने त्यांना देश म्हणून मान्यता दिली तीसुद्धा 1862 पर्यंत नाही.

तर माझं मागणं फार नाही. त्या फोटोची कॅप्शन चुकली असं चार ओळीत छापा, आणि पुढच्या वेळेला 'गरीब' लिहाल तिथे 1825 ची ती एक ओळ टाका, जागा नसेल तर 'काळी जादू' काढा म्हणजे होईल. हैतीवर परत काही करणार असाल तर 1 जानेवारीला करा, सूपाची रेसिपी मी पाठवते, दोनदा करून बघितलंय, बीफशिवाय छान होतं, फक्त ती बुटकी मिरची इथे मिळत नाही म्हणून मी लवंगी घालते.

आपली एक जुनी वाचक,
मिरज