पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेण्याआधी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

जीएनएम या परिचर्येच्या (नर्सिंगच्या) पदविकेचा निकाल लागला की 'पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, थेट प्रवेश' अशा जाहिराती सुरू होतात आणि मुलींच्या व्हॉट्सॲपवर एजंटांचे निरोप येऊ लागतात. पदविकेवरून पदवीपर्यंत नेणारा हा अभ्यासक्रम चांगला आहे. बारावी कला शाखेतून जीएनएमला आलेल्या मुलीला तर पदवीचा दुसरा मार्गच नाही, कारण चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र लागतं. पण पदवी नेमकी कशासाठी हवी हे न ठरवता पैसे भरले जातात आणि फसगत तिथून सुरू होते.

सर्वाधिक मुली केंद्र सरकारच्या रुग्णालयांतल्या नोकरीवर डोळा ठेवून येतात. एम्सच्या नॉरसेट या परिचारिका भरतीच्या परीक्षेला पोस्ट बेसिक पदवीधर अनुभवाशिवाय बसू शकते. जीएनएम झालेलीही बसू शकते, मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला २ वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे केवळ या परीक्षेसाठी पदवी घ्यायची असेल, तर २ वर्षं फी भरून शिकणं आणि २ वर्षं पगार घेऊन काम करणं यांचं फळ सारखंच. फक्त नोकरी धरताना खाटा मोजाव्यात. गल्लीतल्या १५ खाटांच्या नर्सिंग होममधला अनुभव इथे चालत नाही. अनुभवाच्या दाखल्यावर पद, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख आणि खाटांची संख्या स्वच्छ लिहून घ्यावी. नोकरी सोडून वर्ष उलटल्यावर असा दाखला मागायला गेलं की हेलपाटे पडतात.

पुढे एम.एस्सी. करायचं असेल किंवा शिकवायचं असेल, तर मात्र पदवीला पर्याय नाही. एम.एस्सी.साठी पदवीला एकूण ५५ टक्के आणि १ वर्षाचा अनुभव लागतो. पोस्ट बेसिकवाल्यांना हा अनुभव अभ्यासक्रमाआधीचाही चालतो, ही सवलत फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून जीएनएमनंतर वर्षभर वॉर्डात काम करून मग प्रवेश घेणं शहाणपणाचं. परदेशी जाऊ पाहणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की भरती करणारे अलीकडचा वॉर्डातला अनुभव विचारतात आणि शिक्षणाची २ वर्षं त्यात धरली जात नाहीत.

मार्ग दोन. पहिला नियमित, २ वर्षांचा, पूर्णवेळ. त्याला बारावी, जीएनएम आणि राज्य परिचर्या परिषदेची परिचारिका व प्रसाविका म्हणून नोंदणी लागते. महाराष्ट्रातली बहुतेक महाविद्यालयं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. दुसरा इग्नू या मुक्त विद्यापीठाचा, किमान ३ वर्षांचा, नोकरीत असलेल्या परिचारिकांसाठी. त्याला प्रवेश परीक्षा आहे. बारावी व जीएनएम असेल तर २ वर्षांचा अनुभव लागतो. दहावीवर जीएनएम झालेल्या जुन्या सिस्टर्सना ५ वर्षांचा अनुभव असेल तर हाच दरवाजा उघडा आहे. प्रात्यक्षिकं मात्र नेमून दिलेल्या केंद्रावरच जाऊन करावी लागतात. घरबसल्या नर्सिंगची पदवी मिळते असं सांगणाऱ्याला पुढे काही विचारायचीही गरज नाही.

नावांचा गोंधळही महागात पडतो. अतिदक्षता किंवा शस्त्रक्रियागृह परिचर्येची 'पोस्ट बेसिक पदविका' १ वर्षाची असते. कामात तिचा उपयोग खूप आहे, पण ती पदवी नव्हे. आणि एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका) झालेल्या मुलीला थेट पोस्ट बेसिकला जाता येत नाही, तिला आधी जीएनएम करावं लागतं.

महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका, रुग्णालय पाहा. पहिल्याच वर्षी वैद्यकीय-शल्य परिचर्येचे २७० तास आणि माता व बाल परिचर्येचे प्रत्येकी २४० तास प्रात्यक्षिक आहे. हे ७५० तास जाणार कुठे? प्रसूती विभाग नसलेल्या किंवा निम्म्या खाटा रिकाम्या असलेल्या रुग्णालयात ते कागदावरच पूर्ण होतात. प्रवेशाआधी एखाद्या कामाच्या दिवशी सकाळच्या पाळीत रुग्णालयात जाऊन यावं, कोणत्या वॉर्डात विद्यार्थिनी दिसतात ते पाहावं. दुसऱ्या वर्षाला सामुदायिक व मानसिक आरोग्य परिचर्या असते. मनोरुग्णालयाशी करार आहे का आणि तिथे किती आठवडे नेतात, हे लेखी विचारावं. हजेरी 'सांभाळून घेऊ' म्हणणाऱ्या महाविद्यालयापासून दूर राहावं. थिअरीला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी हाती पडण्याआधी प्रात्यक्षिकाचे तास शंभर टक्के भरावे लागतात.

मान्यतेची चौकशी तीन ठिकाणी करावी: राज्य परिषद, विद्यापीठाची संलग्नता आणि भारतीय परिचर्या परिषदेची मान्यताप्राप्त संस्थांची यादी. त्या यादीत फक्त संस्थेचं नाव पाहून चालत नाही. तिथे पोस्ट बेसिक अभ्यासक्रम आणि आपलं प्रवेशाचं वर्ष दिसलं पाहिजे, कारण एकाच संस्थेच्या जीएनएमला मान्यता असते आणि पोस्ट बेसिकला नसते, असंही असू शकतं. परराज्यात जाणाऱ्या मुलींनी तर ही यादी पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. तिथली पदवी घेऊन महाराष्ट्रात परतल्यावर इथल्या परिषदेकडे नोंदणीसाठी अर्ज करताना खरी अडचण कळते आणि तोवर २ वर्षं गेलेली असतात. मूळ गुणपत्रिका व नोंदणी प्रमाणपत्र महाविद्यालयात जमा ठेवू नये. तपासणीसाठी दाखवावं, छायांकित प्रती द्याव्यात. पदवी मिळाल्यावर तिची अतिरिक्त पात्रता म्हणून परिषदेत नोंद करायला अनेकजणी विसरतात. शिवाय मूळ नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. शिकत असताना मुदत संपली तर ऐन अर्जाच्या वेळी धावपळ होते.

अभ्यासात दगा देतात ते जीवरसायनशास्त्र, जीवभौतिकी आणि सूक्ष्मजीवशास्त्र. कला शाखेच्या मुली इथे अडखळतात, यात त्यांचा दोष नाही. प्रवेश ते सत्र सुरू होणं यांच्या मधल्या महिन्यात अकरावी-बारावीची रसायन व जीवशास्त्राची पुस्तकं उघडली तर पहिलं वर्ष सुसह्य होतं. महाविद्यालयांनीही पहिले १५ दिवस या विषयांची उजळणी ठेवली पाहिजे.

आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे. पोस्ट बेसिकच्या जाहिराती छापताना संस्थेकडून त्या वर्षाच्या मान्यतेचा पुरावा मागावा. आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेने जिल्हावार, अभ्यासक्रमवार मान्य महाविद्यालयांची यादी प्रवेश सुरू होण्याआधी मराठीत प्रसिद्ध करावी. नंदुरबार-गडचिरोलीच्या मुलीला ती एजंटाच्या फोनआधी मिळायला हवी.

आपली,
एक परिचर्या अध्यापिका, नाशिक