चि. गौरीस

लोहा, जि. नांदेड

चि. गौरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवून दिलास. मला फोनवर नीट बोलता येत नाही असं तुझ्या आईचं मत आहे, आज्जीचंही तेच. म्हणून वहीत लिहून फोटो पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर राहुलला विचार, त्याला माझ्या पावत्या वाचायची सवय आहे.

युरोपातल्या पागेतला तुझा घोडेस्वारीचा तो व्हिडिओ मी नंतर शांतपणे पाहिला. घोडं चांगलं आहे. मागचे पाय पोटाखाली घेतंय, पाठ मोकळी आहे, तोंड ओढून धरलेलं नाही. तुझी मांडही पक्की दिसली, टाच खाली, हात स्थिर. तेहतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढलेला माणूस सांगतोय, उगं बाप म्हणून नाही. पण डोक्यावर काही नव्हतं. तू म्हणालीस, "अण्णा, काम झालं होतं, नुसतं चालवून थंड करत होते." मी तेच म्हणतोय. अमेरिकेची कोर्टनी किंग-डाय २००८ च्या ऑलिंपिकला ड्रेसाज, म्हणजे तुझाच तो घोड्याच्या चालींचा खेळ, खेळलेली बाई. २०१० मध्ये सराव करताना घोडं स्वतःच्याच पायात अडखळून पडलं. उधळलं नाही, बिथरलं नाही, नुसतं अडखळलं. हेल्मेट नव्हतं. बाई महिनाभर बेशुद्ध होती. घोड्याला चार पाय असतात आणि चारही त्याच्या ताब्यात असतातच असं नाही.

झालं. हा विषय इथं संपला.

मधल्या खोलीला रंग दिला, पण ब्रिटनची घोडेस्वार शार्लट डुजार्डिन, तिचा तुझा तो लंडनचा फोटो आईने काढू दिला नाही. रंगवाल्याने त्याच्या भोवतीनं ब्रश फिरवला, आता तिथं जुन्या रंगाची चौकट दिसते. दहावीत असताना तू मला ऐकवायचीस, तिनं सोळाव्या वर्षी शाळा सोडली म्हणून. आणि मी म्हणायचो, ती कुठं लोह्यात राहती! आता वाटतं, तुझं गणित फार चुकीचं नव्हतं. २००७ मध्ये ती कार्ल हेस्टर या नावाजलेल्या घोडेस्वाराच्या पागेत कामाला लागली, तू आज जे करतेस तेच, लीद काढणं, खरारा, खोगीर पुसणं. तिथंच वलेग्रो हा घोडा तिच्या हाताखाली तयार झाला. २०१२ ला लंडन ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णं, २०१४ च्या डिसेंबरात ९४.३ टक्क्यांचा विक्रम, २०१६ ला रिओत पुन्हा सुवर्ण. तो विक्रमाचा व्हिडिओ तू मला किती वेळा दाखवलास, त्याला हिशोब नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, आपल्याकडं वरातीत घोडं नाचवतात तसंच काहीतरी असेल. मग जागच्या जागी ती दुडकी पाहिली, पियाफ. वरातीतलं घोडं हलगी आणि तोंडातल्या काट्याच्या लगामाच्या भीतीनं नाचतं, त्याचे डोळे बघवत नाहीत. इथं कान पुढं, शेपूट सैल. चांगलं चाललेलं जनावर मला कळतं.

आता तू म्हणशील अण्णा परत तिथंच आले. पण लंडनच्या त्याच फोटोत बघ. बाकीच्यांच्या डोक्यावर काळ्या उंच टोप्या आणि हिच्या डोक्यावर हेल्मेट. आधी एकदा पडून कवटीला तडा गेला होता तिच्या. सगळ्यांना सक्ती झाली ती २०२१ पासून. जर्मनीच्या इझाबेल वेर्थनं निम्मा जन्म टोपीत काढला म्हणालीस. काढला, नशीब तिचं. ती शेतकऱ्याची पोर आहे, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला पंचावन्नाव्या वर्षी सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक रौप्य घेऊन गेली. पंचावन्नाव्या वर्षी, गौरे! म्हणजे तुला अजून तीस वर्षं आहेत, पण तेवढी वर्षं डोकं टिकायला पाहिजे.

आणि शार्लटचं पुढचंही लक्षात ठेव. पॅरिसच्या तोंडावर घोड्याला चाबूक मारतानाचा तिचा तो जुना व्हिडिओ बाहेर आला, तिला माघार घ्यावी लागली, मग वर्षभराची बंदी. तू त्या दिवशी जेवली नव्हतीस. त्या पागेत तुला कुणी चाबूक घे म्हणलं तर घ्यायचा नाही. नोकरी गेली तर जाऊ दे, गाव आहे, आपली सोयाबीन आहे. मुकं जनावर... बरं, राहू दे. हे तुला मी शिकवायची गरज नाही. पावसात भिजलेल्या शिंगराला स्वतःच्या शाली पांघरणारी तू. राग मानू नकोस, लिहिताना हात थांबत नाही.

माळेगावची यात्रा आठवते? तू पहिलीत असशील. खंडोबाचं दर्शन राहिलं बाजूला, तू घोड्यांच्या बाजारात. एका व्यापाऱ्यानं गंमत म्हणून पांढऱ्या घोडीवर बसवलं आणि तू उतरायलाच तयार नाहीस. आयाळ दोन्ही मुठीत धरलेली, एका पायातली चप्पल खाली पडलेली, आणि आई रडकुंडीला. तो म्हणला, "पाव्हणं, ही घोडी घ्या नाहीतर पोरगी ठेवून जा." सुधाकर मागनं हसत होता, त्यानंच तुला उचलून खाली घेतलं.

सुधाकरचं नाव काढायचं नव्हतं. पण नांदेडला दवाखान्याच्या जिन्यात त्याच्या डोक्याचा फोटो उजेडाकडं धरून मी उभा होतो, हे तुला कधी सांगितलं नाही. आई म्हणते, मग आधी तुम्ही स्प्लेंडरवर हेल्मेट घाला. ते निराळं आहे.

इथं सगळ्यांना वाटतं तू रेसला गेलीस. टपरीवर समजावून सांगतो, साठ मीटर लांब, वीस मीटर रुंद मैदान, कडेनं अक्षरं लावलेली, प्रत्येक चालीला शून्य ते दहा गुण. कुणाला पटत नाही. मग २०२३ चं सांगतो, हांगझोऊच्या आशियाई खेळांत आपल्या चौघांनी ड्रेसाजचं सुवर्ण घेतलं, घोडेस्वारीत एक्केचाळीस वर्षांनी, आणि त्यातली एक पोरगी इंदूरची. तेव्हा मान हलवतात. चौघांनाही तुझ्यासारखं युरोपातच जावं लागलं, हेही सांगतो. तुझं नाव घेत नाही, पण थांबतो, कुणीतरी विचारावं म्हणून.

घोड्याच्या पुढच्या डाव्या पायाला नळीवर गरम लागतंय म्हणालीस. थंड पाण्याची धार दे, पण काम देऊ नको आणि तिथल्या डॉक्टरला आजच दाखव. मी इथून हात लावू शकत नाही.

आज्जीनं मेतकूट दिलंय, राहुल कुरियर करेल. तिची तब्येत बरी आहे. बापूच्या बोअरला पाणी लागलं, तू पैसे पाठवू नकोस.

तुझा,
अण्णा

ता. क. तिथं विमा काढलाय म्हणालीस, त्या कागदावर वारस म्हणून कुणाचं नाव टाकलंस ते कळव. सहज विचारतोय.