दरडीची यादी गावाची नको, वाडीची हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की दरडप्रवण गावांच्या याद्या निघतात. पण सह्याद्रीच्या उतारावर माणसे राहतात ती वाड्यांत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा चौक ग्रामपंचायतीतल्या ठाकर आदिवासींच्या या वाडीचे नाव यादीत नव्हते, हे सरकारनेच सांगितले. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले. वर गाडीरस्ता नसल्याने यंत्रे पोहोचली नाहीत. कुदळ-फावड्याने खणावे लागले. त्याआधी २०२१ मध्ये महाडच्या तळियेत दरड कोसळली तीही कोंढाळकरवाडीवर.

महसुली दप्तरात आणि जनगणनेत गाव हाच घटक. पायथ्याचे सपाट गावठाण आणि डोंगरातली वाडी एकाच नावाखाली येतात. गावठाणाला धोका नाही म्हटले की वाडीचा विषयही तिथेच संपतो.

खरे तर या वाड्या जिथे वसतात, त्या जागेतच धोका असतो. कड्यावरून वर्षानुवर्षे सुटलेले दगड, मुरूम, माती माचीवर, म्हणजे कड्याखालच्या सपाट टप्प्यावर, साचते. त्यावर नाचणी-वरी पिकते. झिरपलेले पाणी खालच्या घट्ट कातळावर अडते आणि झरा होऊन बाहेर पडते. शेतीला माती, प्यायला पाणी, म्हणून वस्ती तिथे. अतिवृष्टीत तेच पाणी कातळ आणि मुरूम यांच्या सांध्यात तुंबते, दाब वाढतो आणि वरचा थर कातळ सोडतो. इर्शाळवाडी ज्याच्या उतारावर होती, त्या इर्शाळगड परिसरात १७ ते १९ जुलै २०२३ या तीन दिवसांत ४९९ मिमी पाऊस झाला होता.

पायथ्याच्या पर्जन्यमापकावरून डोंगरावरचा पाऊस कळत नाही. प्रत्येक वाडीत मापक हवा. सरळ भिंतीची, सपाट बुडाची बरणीही चालते. पट्टीने मोजलेली पाण्याची उंची म्हणजेच मिलिमीटर. निमुळती बादली मात्र नको, आकडा चुकतो. बरणी झाड-छपरापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब, उघड्यावर घट्ट बसवावी आणि रोज सकाळी साडेआठला मोजून रिकामी करावी. चोवीस तासांत २०४ मिमीच्या वर गेले की हवामान खात्याच्या भाषेत ती अत्यंत मुसळधार वृष्टी. पण आधीचे दोन-तीन दिवस झड लागली असेल, तर त्याहून कमी पावसातही उतार सुटू शकतो.

घरांच्या वरच्या बाजूला चंद्रकोरीसारखी भेग, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा आटणे, झाडे-खांब कलणे, दारे चौकटीत अडकणे, यांतले एक जरी दिसले तरी पावसाच्या आकड्याची वाट न पाहता घर सोडावे. भेगेत पाणी शिरू नये म्हणून ती मातीने बुजवून वरचे पाणी चर खणून बाजूला काढतात. तेवढ्यावर विसंबून घरात राहणे मात्र चूक.

पोलीस पाटील खालच्या गावात राहत असतील, तर घरे रिकामी करण्याचा अधिकार वाडीतल्याच दोघा-तिघांना लेखी द्यावा. जायची जागा मे महिन्यातच ठरवावी. वाडीची शाळा त्याच उताराखाली असेल, तर ती निवारा म्हणून धरू नये.

– एक वाचक, कर्जत (रायगड)